कृष्णविवर फक्त गिळत नाही, उधळतंही

सामुदायिक रेडिओवरील भाषण

हातात निवडायची तूर असेल, चुलीवर भाजी असेल, तर काम चालू ठेवा. कान तेवढे इकडे द्या.

आजचा विषय नेहमीचा नाही. बँक जोडणी नाही, हप्ता नाही, शेळीचं लसीकरणही नाही. गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकांत एक प्रश्न वारंवार येतो, म्हणून हा विषय घेतला. प्रश्न असा : "ताई, औंढ्याकडं ते ब्लॅक होलचं मशीन बसणार म्हणतात. ते ब्लॅक होल सगळं ओढून घेतं म्हणे. आपली विहीर आटंल का? पाऊस ओढून नेईल का?" काही जणी हसतात, काही जणी खरंच काळजीत असतात. ज्यांची शेतं त्या बाजूला आहेत त्यांनी काळजी करणं साहजिक आहे. म्हणून आज आपण ब्लॅक होल, म्हणजे मराठीत कृष्णविवर, नीट समजून घेऊ. आणि त्याची एक गोष्ट पाहू जी फारशी कुणी सांगत नाही. ती म्हणजे, ते नुसतं गिळत नाही, उधळतंही. आणि त्या उधळण्याचा जगाच्या घडणीत मोठा वाटा आहे.

मी बी.ए. झालेली, विज्ञान शाखेची नाही. पण नीट सांगणारं कुणी भेटलं तर हे आपल्याला समजतं. आपण चक्रवाढ व्याज समजून घेतलं, तर हेही घेऊ.

कृष्णविवर म्हणजे काय?

दगड वर फेकला की खाली येतो. जोरात फेकला तर जास्त वर जाऊन खाली येतो. पृथ्वीच्या ओढीतून कायमचं सुटायचं असेल तर सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेग लागतो. पृथ्वीपेक्षा जड आणि जास्त दाबून बसवलेली वस्तू असेल तर आणखी वेग लागेल. आता अशी वस्तू मनात आणा की जिच्यापासून सुटायला प्रकाशाचा वेगही कमी पडतो. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो आणि त्याच्यापेक्षा वेगानं काहीच जात नाही. मग तिथून काहीच बाहेर येणार नाही, उजेडसुद्धा नाही. म्हणून ते काळं. तेच कृष्णविवर.

आपला सूर्य केवढा मोठा! पण त्याचं कृष्णविवर करायचं तर तो सगळा दाबून ३ किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्यात बसवावा लागेल. म्हणजे सेनगावच्या बस स्टँडवरून चारी दिशांना तीन-तीन किलोमीटर चालत गेलात तर जेवढं शिवार भरेल, तेवढ्यात अख्खा सूर्य.

आता पहिली भीती काढून टाकू. समजा उद्या सूर्य खरोखर दाबून तेवढा केला. पृथ्वी त्यात ओढली जाईल का? नाही. अंधार होईल, गारठा पडेल, पण पृथ्वी आज जशी फिरते तशीच फिरत राहील. कारण ओढ वजनावर आणि अंतरावर ठरते, काळ्या-गोऱ्या रंगावर नाही. कृष्णविवर म्हणजे काही लांबून धूळ ओढणारा पंप नव्हे. अगदी जवळ जाईल तेच त्यात पडतं.

गावाच्या मधोमध बसलेलं वजन

उन्हाळ्यात गच्चीवर किंवा अंगणात झोपलो की आभाळात दुधाळ पट्टा दिसतो. ती आपली आकाशगंगा. तिच्यात अब्जावधी तारे आहेत आणि सूर्य त्यांतला एक. आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या वस्त्यांना दीर्घिका म्हणतात. जवळजवळ प्रत्येक मोठ्या दीर्घिकेच्या मधोमध एक महाकाय कृष्णविवर बसलेलं असतं.

आपल्या आकाशगंगेच्या मध्याशी जे आहे त्याचं वजन सूर्याच्या ४० लाख पटींहून जास्त आहे. ते आपल्यापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे. एक प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश वर्षभरात जितकं अंतर जातो तितकं, सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. तेव्हा ते आपलं काही बिघडवणार नाही. त्याच्याभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांचा वर्षानुवर्षं माग काढून त्याचं वजन मोजलं गेलं. या कामासाठी २०२० साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि ते मिळालेल्यांत आंद्रेआ गेझ या बाई होत्या. २०२२ साली त्या कृष्णविवराभोवतीच्या उजेडाचं चित्रही जगानं पाहिलं.

आपलं कृष्णविवर सध्या जवळजवळ उपाशी बसलेलं आहे. त्याच्या आसपास पडायला फार काही नाही. पण काही दीर्घिकांत मधल्या कृष्णविवराकडं वायूचा मोठा ओघ चालू असतो. अशा दीर्घिकांना सक्रिय दीर्घिका म्हणतात. त्यांचा मध्य इतका झळकतो की कधी कधी बाकी सगळ्या ताऱ्यांचा उजेड त्यापुढं फिका पडतो.

इथं वायू म्हणजे आपला सिलिंडरमधला गॅस नव्हे बरं. हा मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम. तारे याच वायूपासून बनतात. वायू थंड होऊन गोळा झाला, आपल्याच वजनानं दाबला गेला, की तारा पेटतो. म्हणजे वायू हे दीर्घिकेचं भांडवल आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

मळणी यंत्राचं तोंड आणि पंखा

आता मुख्य प्रश्न. ज्यातून उजेडही सुटत नाही, ते उधळतं कसं?

सोयाबीनची मळणी आठवा. यंत्राच्या तोंडात आपण काड घालतो. सगळं काही पोत्यात जात नाही. दाणा एकीकडं पडतो आणि पंख्याच्या जोरानं भुसकट लांब उडतं. वाऱ्याच्या तोंडाला उभं राहिलं तर अंगभर खाज सुटते. कृष्णविवराजवळही असंच काहीसं होतं. जे उधळलं जातं ते आत पडलेलं नसतं. ते तोंडाशी पोचलेलं पण आत न गेलेलं असतं. आत गेलेला एक कणही परत येत नाही.

हे घडतं कसं, ते टप्प्याटप्प्यानं पाहू.

पहिला टप्पा. वायू सरळ आत पडत नाही. नाहणीतलं पाणी मोरीत जाताना जसं गरगर फिरतं, तसा तो फिरत फिरत जवळ येतो आणि कृष्णविवराभोवती त्याची एक चपटी तबकडी तयार होते.

दुसरा टप्पा. तबकडीतला आतला वायू जास्त वेगानं फिरतो, बाहेरचा सावकाश. दोन्ही एकमेकांवर घासतात. हात हातावर चोळले तर गरम होतात ना, तसा वायू तापतो, पण लाखो अंशांपर्यंत. तापलं की झळकतं. इथून जी ऊर्जा निघते ती फार मोठी असते. पडणाऱ्या वायूच्या वस्तुमानाचा साधारण दहावा हिस्सा ऊर्जा होऊन बाहेर पडू शकतो. सूर्याच्या पोटात हायड्रोजन जळून एक टक्काही होत नाही.

तिसरा टप्पा. एवढा उजेड बाहेर पडताना आजूबाजूच्या वायूला ढकलतो. उजेडाचा धक्का आपल्याला जाणवत नाही, कारण आपल्याकडचा उजेड त्या मानानं कमी. तिथं मात्र त्याचा वारा होतो. हा वारा सेकंदाला शेकडो, कधी हजारो किलोमीटर वेगानं वाहतो. हजार किलोमीटर म्हणजे एका सेकंदात सेनगावहून मुंबई ओलांडून समुद्रात. अगदी तोंडाजवळून निघालेला वारा तर काही ठिकाणी प्रकाशाच्या दहाव्या हिश्श्याइतका वेगवान सापडला आहे.

चौथा टप्पा सगळ्या दीर्घिकांत होत नाही. फिरत्या वायूबरोबर चुंबकीय बळही पिळलं जातं. दोरीला पीळ देत राहिलं की ती ताठ होते, सोडली की सुटून उसळते. या पिळातून तबकडीच्या वरच्या आणि खालच्या बाजूला दोन बारीक झोत सुटतात, जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं. हे झोत दीर्घिकेच्या बाहेर लाखो प्रकाशवर्षं जातात. पुढं त्यांचा जोर ओसरला की तिथं फुगे तयार होतात.

म्हणजे दोन प्रकार झाले. एक पसरट वारा आणि एक बारीक झोत. दोन्ही मिळून दीर्घिकेतला वायू ढकलतात, तापवतात, बाहेर नेतात.

हे कळलं कसं? आपल्याच राज्यातल्या जाळीच्या ताटल्यांमुळं

तुम्ही म्हणाल, एवढ्या लांबचं बघितलं कुणी? यातलं काही काम आपल्या महाराष्ट्रातून झालं आहे.

पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडद नावाचं गाव आहे. तिथं आणि आसपासच्या २५ किलोमीटरच्या परिसरात ३० मोठाल्या ताटल्या उभ्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, म्हणजे सुमारे दीडशे फूट. ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, थोडक्यात जीएमआरटी. ती उभी केली गोविंद स्वरूप यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. ताटल्यांना सबंध पत्रा लावला असता तर वजन आणि खर्च परवडला नसता, आणि वाऱ्यात त्या टिकल्याही नसत्या. म्हणून त्यांनी तारेची जाळी ताणून बसवली. ज्या लहरी पकडायच्या त्या साधारण मीटरभर लांबीच्या असल्यानं जाळीच्या भोकांतून त्या निसटत नाहीत. मोठ्या डाळीला पिठाची चाळणी कशाला, असा हा हिशोब. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ही दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली.

ही दुर्बीण डोळ्यानं बघत नाही, ऐकते म्हणा. तुम्ही आता माझा आवाज ज्या रेडिओ लहरींवर ऐकताय, त्याच जातीच्या लहरी आभाळातूनही येतात. झोतातले वेगवान कण चुंबकीय बळात फिरताना रेडिओ लहरी सोडतात. त्या लहरी फार क्षीण असतात. म्हणून आजूबाजूला मोबाइल, कारखाने, विजेच्या ठिणग्या यांचा गोंगाट कमी असलेली जागा शोधली गेली. आपण पाळण्यातल्या बाळाचा श्वास ऐकायला टीव्ही बंद करतो, तसं.

भुजंगधारीतली पोकळी

आता एक खरी घडलेली शोधाची गोष्ट ऐका.

मे महिन्यात मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेला तोंड करून उभं राहा. समोर वृश्चिक रास दिसते, खरोखर विंचवासारखी. तिच्यात एक तांबूस ठळक तारा आहे, ज्येष्ठा. हात लांब करून मूठ धरा. ज्येष्ठाच्या डावीकडं साधारण एक मूठ अंतरावर भुजंगधारी तारकासमूहाचा भाग येतो. तिथं नुसत्या डोळ्यांना काही दिसणार नाही, पण त्या दिशेला सुमारे ३९ कोटी प्रकाशवर्षांवर दीर्घिकांचा एक मोठा मेळा आहे. अशा मेळ्यात दीर्घिकांच्या मधल्या जागेत कोट्यवधी अंश तापलेला वायू भरलेला असतो. तो क्ष-किरणांत झळकतो.

चंद्रा नावाची क्ष-किरण दुर्बीण अवकाशात फिरते. आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून तिचं नाव ठेवलं आहे. आपला हिंगोली जिल्हा झाला त्याच १९९९ साली ती सोडली गेली. त्या दुर्बिणीच्या चित्रात नॉर्बर्ट वेर्नर आणि सहकाऱ्यांना २०१६ साली या मेळ्यातल्या गरम वायूला एक विचित्र वाकडी कड दिसली. जणू कुणी तिथून घास काढलाय. ही कृष्णविवराच्या झोतानं पाडलेल्या पोकळीची भिंत असेल का, असा विचार त्यांनी केला आणि सोडून दिला. कारण एवढी मोठी पोकळी पाडायला लागणारी ऊर्जा अचाट होती. ती कुणालाच खरी वाटेना.

मग सिमोना जियाचिंतुची या शास्त्रज्ञ बाईंच्या गटानं त्याच जागेची रेडिओ निरीक्षणं काढली. ऑस्ट्रेलियातल्या एका रेडिओ दुर्बिणीची आणि आपल्या खोडदच्या जीएमआरटीची. ती क्ष-किरणांच्या चित्रावर ठेवून पाहिली तर काय? जिथं गरम वायूची वाकडी कड होती, तिच्या आतली जागा रेडिओ लहरींनी भरलेली होती. डब्यावर झाकण बसावं तसं एकावर एक बसलं. वायू बाजूला सारून झोतातल्या कणांनी ती जागा भरली होती. म्हणजे पोकळी खरी होती. हा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला. त्या पोकळीत आपल्या आकाशगंगेएवढ्या पंधरा दीर्घिका ओळीनं मांडता येतील. तोवर माहीत असलेल्या सगळ्यात मोठ्या उद्रेकापेक्षाही ही ऊर्जा पाचपट होती.

बायांनो, यात आपल्यालाही एक शिकण्यासारखं आहे. एका खिडकीतून बघून जे अशक्य वाटलं, ते दुसऱ्या खिडकीतून बघितल्यावर पटलं. गटात एखादीचा हप्ता थकला की आपण एकाच बाजूनं बघतो. दुसरी वही उघडून बघितली की कधी कधी वेगळंच कारण निघतं.

भांडवल जपणारा वारा

पण हे सगळं उधळून होतं काय? मघाशी म्हटलं, वायू हे दीर्घिकेचं भांडवल. तारे बनवणं म्हणजे ते भांडवल खर्च करणं. गटाची सगळी बचत एकाच महिन्यात वाटून टाकली तर पुढच्या महिन्यात गरज पडलेल्या बाईला काय देणार? दीर्घिकेतही वायू झपाट्यानं थंड होऊन सगळ्याचे तारे बनले असते, तर मोठ्या दीर्घिका आज आहेत त्याच्यापेक्षा कितीतरी जड असत्या. पण तसं दिसत नाही. कुणीतरी हात आखडता ठेवतंय.

शास्त्रज्ञांचं आजचं उत्तर असं, की तो हात मुख्यतः मधल्या कृष्णविवराचा आहे. वायू थंड होऊन आत पडू लागला की कृष्णविवर पेटतं. पेटलं की वारा आणि झोत सुटतात. ते बाहेरचा वायू तापवतात, ढकलतात. तापलेला वायू लवकर गोळा होत नाही, म्हणून तारे कमी बनतात आणि कृष्णविवराकडचा ओघही आटतो. मग ते शांत होतं. वायू पुन्हा थंड व्हायला लागतो आणि चक्र पुन्हा सुरू. कुकरची शिट्टी आठवा. वाफ वाढली की शिट्टी उचलते, वाफ सुटली की खाली बसते. कुणी हात लावायला लागत नाही.

याचा एक नमुना भारतीय शास्त्रज्ञांनीच दाखवला. सुमारे १०० कोटी प्रकाशवर्षांवर एक चक्राकार दीर्घिका आहे, आपल्या आकाशगंगेच्या जवळजवळ तिप्पट मोठी. जॉयदीप बागची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोडदच्या दुर्बिणीचा उपयोग करून तिच्यातून निघालेले झोत अभ्यासले आणि २०१४ साली ते मांडलं. झोतांचा पसारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ६० लाख प्रकाशवर्षांपर्यंत आहे. इतक्या मोठ्या दीर्घिकेला नवे तारे बनवायला भरपूर वायू मिळायला हवा होता. पण कृष्णविवराच्या या धामधुमीनं भोवतालचा वायू तापलेलाच राहतो आणि तारे बनण्याला आळा बसतो, असं याच गटाच्या २०२५ च्या अभ्यासात दिसलं.

आणि एक. दरवेळी वारा विझवतोच असं नाही. फुंकणीनं हळू फुंकलं की चूल पेटते, फार जोरात फुंकलं की राख उडते आणि निखारा विझतो. काही ठिकाणी झोत थंड वायूच्या ढगावर आदळून तो ढग दाबला गेला आणि तिथं नवे तारे जन्मले, असंही सापडलं आहे. वारा तोच, पण जोर किती आणि समोर काय आहे, यावर परिणाम ठरतो.

एक सूर, जो कान ऐकू शकत नाही

आपण रेडिओवर आहोत म्हणून हे सांगतेच. ययाती तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षांवर दीर्घिकांचा आणखी एक मेळा आहे. त्याच्या मधल्या कृष्णविवराचे झोत फुगे फुगवतात आणि त्या धक्क्यानं भोवतालच्या गरम वायूत लाटा उठतात. पिठलं रटरटताना बुडबुडे वर येतात आणि भांडं थरथरतं, तसं. वायूतल्या लाटा म्हणजे आवाजच. पण त्याची एक लाट पुरी व्हायला जवळजवळ एक कोटी वर्षं लागतात. माणसाच्या कानाला तो ऐकू येणं शक्य नाही. २००३ साली चंद्रा दुर्बिणीच्या चित्रांतून या लाटा ओळखल्या गेल्या. २०२२ साली नासानं तो सूर कितीतरी सप्तकं वर चढवून माणसाला ऐकू येईल असा केला.

लाल गोळी आणि ताऱ्यांचं लोखंड

आता तुमच्या घरातली गोष्ट. आशाताई ज्या लोहाच्या गोळ्या देतात, त्या किती जणी नियमानं घेतात? हात वर करा म्हटलं तर अर्ध्या खाली राहतील. त्या गोळीतलं लोह आणि आपल्या रक्तातलं लोह मुळात ताऱ्यांत तयार झालं. विश्वाच्या सुरुवातीला लोह नव्हतंच. तारे जगले, फुटले आणि त्यातून लोह पसरलं. आपलं लोह आपल्याच आकाशगंगेतल्या जुन्या ताऱ्यांचं.

पण दीर्घिकांच्या बाहेर, मधल्या मोकळ्या जागेतही लोह सापडतं. तिथं ते कुणी नेलं? ययातीच्याच मेळ्याचा जपानच्या सुझाकू या उपग्रहानं अभ्यास केला. २०१३ साली असं दिसलं, की तिथल्या गरम वायूत लोह सगळीकडं जवळजवळ सारखं मिसळलेलं आहे, भाजीत मीठ नीट लागावं तसं. त्यावरून असा अर्थ लावला गेला की हे मिसळणं १,००० कोटी वर्षांपूर्वी, तो मेळा जमायच्या आधीच झालं. त्या काळी तारे आणि कृष्णविवरं दोन्ही जोरात होती. त्यांच्या वाऱ्यानंच हे लोह दीर्घिकांबाहेर नेलं. बी पेरताना मूठ उघडावी लागते, बंद मुठीतून पेरणी होत नाही.

तेव्हा गोळी घ्या. फार लांबून आणि फार काळानं आलेली वस्तू आहे ती.

मग औंढ्याला काय येणार आहे?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडं येऊ. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा परिसरात होणार आहे ती लिगो-इंडिया ही वेधशाळा. केंद्रानं २०१६ साली तिला तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली आणि ११ मे २०२३ रोजी पायाभरणी झाली. पुण्याची आयुका ही संस्था आणि गांधीनगर, इंदूर इथल्या संस्था यात आहेत.

लिगो कृष्णविवर बनवत नाही, ओढत नाही, सोडतही नाही. एकमेकांना काटकोनात असलेल्या, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या. आतली हवा काढून टाकलेली, आणि त्यातून लेझरचा किरण जातो-येतो. दूर कुठं तरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशाला हलकी थरथर सुटते. तिला गुरुत्वीय लहरी म्हणतात. त्या थरथरीनं नळीच्या लांबीत अणूच्या गाभ्यापेक्षाही कितीतरी बारीक फरक पडतो, तो मोजायचा. अमेरिकेतल्या अशाच दोन केंद्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर पकडली. ती १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आली होती.

म्हणून, तुमच्या प्रश्नाचं उत्तर साधं आहे. लिगो पाऊस ओढत नाही, विहीर आटवत नाही. ते ऐकण्याचं यंत्र आहे, आणि ऐकायला शांत जमीन लागते. आपला भाग शांत, मोठे कारखाने नाहीत, हेच इथं उपयोगी पडलं. जमिनीचे, रस्त्याचे, रोजगाराचे प्रश्न असतील तर ते ग्रामसभेत जरूर विचारा, लेखी विचारा, तो आपला हक्क आहे. पण भीतीच्या अफवांत ते खरे प्रश्न हरवू देऊ नका. अफवा विचारली की साहेब हसतात आणि खरा प्रश्नही बाजूला पडतो.

एक फरकही ध्यानात ठेवा. लिगो ज्यांना ऐकतं ती कृष्णविवरं सूर्याच्या दहा-वीस, पन्नास-शंभर पट अशी. आज आपण ज्यांच्या वाऱ्याबद्दल बोललो ती लाखो-कोटी पट. त्या महाकाय जोड्यांची थरथर इतकी संथ असते की चार किलोमीटरची नळी तिला पुरत नाही. तिच्यासाठी आकाशातल्या स्पंदक ताऱ्यांची घड्याळं वापरतात. जून २०२३ मध्ये तशा लहरींच्या खुणा जगभरच्या गटांनी जाहीर केल्या आणि त्यात खोडदच्या दुर्बिणीची निरीक्षणं होती. म्हणजे एक कान जुन्नरला आहे आणि दुसरा आपल्या जिल्ह्यात होतोय.

आता आपण काय करायचं?

एवढं ऐकून कुणी म्हणेल, याचा आम्हाला काय उपयोग? मी तीन गोष्टी सुचवते.

पहिली. पुढच्या मासिक बैठकीत वसुली आणि ठराव झाल्यावर दहा मिनिटं काढा. एका बाईनं मळणी यंत्राचा दाखला देऊन कृष्णविवराचा वारा समजावून सांगायचा. ज्या बाईला सांगता येतं, ती बँकेत आणि ग्रामसभेतही बोलू शकते.

दुसरी. दरवर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. त्या सुमाराला खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं आणि शाळेतली मुलं-मुली आणि गावकरी त्या ताटल्या जवळून बघतात. शाळेच्या मुख्याध्यापकांना आधीच विचारा. देवदर्शनाची गाडी आपण जमवतो, ही गाडीही जमवता येईल.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. दहावीनंतर मुलीनं सायन्स घ्यायचं म्हटलं की घरात तीन वाक्यं ठरलेली असतात. "कॉलेज लांब आहे." "खर्च फार आहे." "शेवटी लग्नच करायचंय." पहिल्या दोन अडचणी खऱ्या आहेत आणि गट म्हणून त्यावर आपण काही करू शकतो. गटातून शिक्षणासाठी कर्ज देता येतं, चार मुलींना एकत्र पाठवता येतं, एसटीच्या पाससाठी चौकशी करता येते. तिसरं वाक्य मात्र अडचण नव्हे, तो निर्णय आहे, आणि तो बदलता येतो. आपल्या जिल्ह्यात वेधशाळा उभी राहील तेव्हा तिथं वेल्डर, इलेक्ट्रिशियन, संगणकावर काम करणारी, निर्वात नळ्या सांभाळणारी, अभ्यास करणारी माणसं लागतील. ती सगळी बाहेरूनच यावीत का? त्या फाटकातून आत जाणाऱ्यांत सेनगावच्या, गोरेगावच्या, साखऱ्याच्या मुली असतील की नाही, हे पुढच्या काही वर्षांत आपल्या ओसरीवर ठरणार आहे.

ज्येष्ठा तारा मुलींना दाखवून ठेवा. त्याच्या डावीकडं एक मूठ, तिथं भुजंगधारीतली ती पोकळी. दोन मुठी आणि थोडं खाली, तिथं आपल्या आकाशगंगेचा मध्य आणि त्यात शांत बसलेलं आपलं कृष्णविवर. दुर्बीण लागत नाही, पैसे लागत नाहीत, ढग नसले की झालं.

प्रश्न असतील तर गटाच्या वहीत लिहून ठेवा, मी बैठकीला येईन तेव्हा घेईन. मला येत नसतील ते शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना, बाईंना विचारू. आज इथंच थांबते. तूर निवडून झाली असेल तर सुपातला खडा एकदा पुन्हा बघा. नमस्कार.